तुकानाची ढोली

माघ उतरायला लागला की आमच्या देवराईवरून माडगरुड जातो. दिसायच्या आधी ऐकू येतो. पंखांचा आवाज असा, की लांब कुठेतरी कोणी दमाने करवत ओढतंय. पुस्तकात त्याला धनेश म्हणतात. म्हणोत. आम्ही संगमेश्वराकडचे लोक माडगरुडच म्हणणार. बेहड्याच्या ढोलीत मादी आत शिरते, दार लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते, आणि नर दिवसभर उंबरं, रानजायफळं आणून त्या फटीतून भरवतो. लहानपणापासून हेच बघत आलो.

परवा पुण्याची चार मंडळी आली, गळ्यात दुर्बिणी. मी पारावर बसलो होतो. त्यांच्यातली एक मुलगी गोड बोलायची. म्हणाली, "आजोबा, असाच मोठ्या चोचीचा एक पक्षी अमेरिकेतल्या जंगलात असतो. टुकान. चित्र दाखवू?"

मी म्हटलं, "चित्र नको बाय. मी त्याला हाताने पाली चारल्यात."

"कुठे?"

"कुवेतात. लढाई चालू होती तेव्हा."

चौघंही हसली. वाईट नाही हसली, म्हाताऱ्याला हसतात तशी हसली. मला ते लागलं. माझी शाळा दुसरीपर्यंत. पण अक्षर वळणदार आहे, आणि लाकडावर पेन्सिलीने रेघ मारणारा हात अजून हलत नाही. म्हणून नातवाच्या जुन्या वहीत हे लिहायला घेतलंय. चुका काढायच्या त्यांनी काढाव्यात. खोटं सापडायचं नाही.

कुवेतात मी बनेद अल-गारला होतो. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर अबू नासरचं घर, आणि मागच्या आवारात माझी खोली. अबू नासर म्हणजे माझा कफील, ज्याच्या नावावर मी त्या देशात होतो तो मालक. तरुणपणी गलबतावर होता. मलबारातून लाकूड न्यायचा, मुंबईला महिना महिना मुक्काम करायचा. त्यामुळे हिंदी फर्डी, आणि सागवान मला कळतं तेवढंच त्यालाही कळायचं. मला भिकाजी म्हणून त्याने कधी हाक मारली नाही. "ओ नज्जार!" म्हणायचा. नज्जार म्हणजे सुतार. मला ते आवडायचं. नाव आईबापाने दिलं होतं, सुतारकी मी कमावली होती.

या माणसाला पाखरांचा नाद. कबुतरं, ससाणे सगळ्यांकडेच असायचे. याने थेट जगाच्या दुसऱ्या टोकाच्या जंगलातून तुकानांची जोडी मागवली. तिकडे तुकान म्हणतात, टुकान नाही. आवारात काचेची खोली बांधली, तिचं लाकूडकाम माझं. आत वडाच्या जातीची झाडं, केळी, एक आडवा ओंडका, आणि वर भोकं पाडलेली नळी. रोज दुपारी तीन वाजता मी कॉक सोडायचा, की आत पाऊस. अबू नासर खुर्ची टाकून बसायचा आणि सांगायचा. लाकूड बघायला तो एकदा त्या मुलखात जाऊन आला होता. "नज्जार, वहाँ रोज बारिश. पेड़ इतना ऊँचा कि पगड़ी गिर जाए." झाडांच्या बेचक्यांत पाणी साठतं आणि तुकान त्या वरच्या वर आंघोळी करतात, जमिनीवर उतरायचं नाव नाही. पाचसहा जणांचं टोळकं एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातं, एकामागून एक, रांगेत. फळं गिळतात, बिया लांब नेऊन टाकतात, आणि त्यांतून पुढचं जंगल उभं राहतं. कोणी लावलं जंगल? पाखरांनी. मला हे पटायला वेळ लागला नाही. आमची देवराई कोणी लावलीय?

मी ते जंगल पाहिलेलं नाही. पण त्याचा पाऊस एकोणनव्वद सालापासून मीच पाडत होतो.

पाखरू कसं म्हणाल, तर अंग काळं कुळकुळीत, गळा हळदीसारखा पिवळा, आणि चोच अशी की रंगाऱ्याने उरलेले सगळे डबे तिच्यावर संपवावेत. हिरवी, बाजूला नारिंगी, टोकाला लाल. नराची चोच लांब, मादीची थोडी आखूड. एवढी मोठी चोच घेऊन हे तोल कसं सांभाळतं, याचं मला कोडं. अबू नासरने मला एक जुनी चोच दाखवली, आधीच्या कुठल्या मेलेल्या पाखराची. हातात घेतली तर पांगाऱ्याच्या लाकडाहून हलकी! कडेला फुटली होती तिथून आत पाहिलं. आत सगळी बारीक बारीक जाळी, मधाच्या पोळ्यासारखी. वजन नाही आणि ताकद आहे. एवढं चांगलं जोडकाम मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मी त्या पाखरांना मानलं. उन्हाळ्यात ती चोच हाताला गरम लागायची, अंगातली ऊब तिच्यातून बाहेर टाकतात म्हणे. दोघं चोचीला चोच लावून लाठी खेळल्यासारखं खेळायची. फळ टोकात धरून मान मागे झटकायची, की फळ थेट घशात. नेम कधी चुकला नाही. आवाज मात्र बेडकाचा. एवढं राजबिंडं पाखरू, आणि गातं कसं, तर पावसाळ्यातल्या डबक्यासारखं.

नव्वद सालच्या उन्हाळ्यात अबू नासर बायकोच्या डोळ्याच्या ऑपरेशनला कुटुंबासकट परदेशी गेला, आणि ऑगस्टमध्ये इराकचे रणगाडे समुद्राच्या रस्त्याला लागले. त्यावर पुस्तकं झाली असतील, मी काय सांगणार? मी एवढंच पाहिलं, की शेजारच्या घरांची दारं उघडी आणि आत कोणी नाही. दारं मीच केली होती त्यांतली दोन.

आपली माणसं निघाली. आधी मोटारींतून, मग बसमधून, जॉर्डनला. माझा गाववाला दत्ताराम हा मीना अब्दुल्ला गावच्या रिफायनरीत वेल्डर होता, राहायला हवल्लीला. तो पिशवी घेऊन आला तो थेट काचेच्या खोलीपाशी.

"भिक्या, चल. बस लागलीय. तुजा नाव पन लिवलाय मी."

"कोणी सांगितलं होतं लिहायला?"

"तुजा डोस्का फिरलाय काय रं? पाखरांपायी मरतोस? सोडून दे त्यांना. उडून जातील."

"कुठे जातील? बाहेर जंगल दाखव मला. एक झाड दाखव."

त्याने रस्त्याकडे पाहिलं. मग चिडला. "गावात इचारलान, भिकाजी खय हाय, तर काय सांगू? पाखरा राखतोय?"

"सांग, कामावर आहे."

"मालक पळाला, आनि ह्यो कामावर!"

"मालक पळालेला नाही, दवाखान्यात आहे. आणि पळाला असता तरी कामाने माझं काय वाकडं केलंय?"

दत्ताराम गेला. जाताना त्याने स्वतःचं घोंगडं मला दिलं आणि शिवी दिली. दोन्ही मी ठेवून घेतलं. गावात त्याने खरंच सांगितलं, भिकाजी पाखरं राखतोय म्हणून, आणि तेव्हापासून आजवर मला लोक विचारतात की बाबा, तुझी अक्कल कुठे गेली होती. चाळीस वर्षं मी लोकांच्या दारांना कड्या बसवल्या. अकलेचा हिशोब त्यांनी मला विचारू नये.

भाद्रपदात आवारातल्या माडांना, म्हणजे तिकडच्या खजुरीच्या झाडांना, खजूर होता. तो संपेपर्यंत चिंता नव्हती. सैनिक आले ते त्याच सुमाराला. चौघं होते. फ्रीज नेला, एसी काढून नेला, गालिचा गुंडाळून नेला. मी कोपऱ्यात उभा. मग एकाला काचेची खोली दिसली. "शुनू हाय?" म्हणाला, म्हणजे हे काय? आणि दाराला हात घातला.

मी दारात जाऊन उभा राहिलो. शौर्य नव्हतं त्यात. ते दार जरा फुगलेलं होतं, ओढलं असतं तर बिजागरीतून निखळलं असतं, आणि माझं केलेलं दार दुसऱ्याने मोडलेलं मला खपत नाही. मी मोडक्या अरबीत म्हटलं, "मी सुतार. दार माझं. मी उघडेन." बंदूक माझ्या पोटाला लागली होती. लोखंड थंड असतं म्हणतात. उन्हात तापलेलं होतं.

दुसरा जरा वयस्क होता. त्याने पहिल्याला मागे घेतलं आणि मला खूण केली. मी दार उचलून धरलं, उघडलं, आणि एक खजूर आत फेकला. तुकानाने तो अधांतरी झेलला, मान झटकली, गिळला. वयस्क शिपाई हसला. त्याने खाली बसून आणखी सहासात खजूर फेकले. म्हणाला, बसऱ्याला त्याच्या बापाच्या माडांची बाग आहे. असेल. त्याच्या खांद्यावर अबू नासरचा गालिचा होता. पण पाखरं त्याने नेली नाहीत, एवढं लिहिलं पाहिजे.

थंडी पडली तशी अडचण आली. केळी नाही, पपई नाही. जवळच्या इस्पितळात मिरजेच्या कुंदा सिस्टर होत्या. त्याही गेल्या नव्हत्या, पेशंट टाकून कुठे जाणार? त्यांना कोणी वेडं म्हटलं नाही. त्या येता-जाता डबा द्यायच्या. पेशंटांनी टाकलेली उकडलेली गाजरं, भिजवलेला बेदाणा, कधी अर्धं सफरचंद. "दादा, याच्यात मीठ नाही, देऊ शकता," असं सांगायच्या, जसं एखाद्या पेशंटच्या नातेवाइकाला सांगावं. आणि मग कनार पिकायला लागलं. कनार म्हणजे आपली बोरं. त्या गावात श्रीमंतांच्या घराघरांत बोरीचं झाड, आणि घरं सगळी ओस. मी भिंतीवरून चढायचा, धोतराच्या ओच्यात बोरं गोळा करायचा. कुवेतात लुंगी नेसून भिंतीवर चढणारा दुसरा माणूस कोणी पाहिला नसेल. हो, धोतर लिहिलं वर, लुंगीच होती. चूक झाली. पंचेचाळिशीचा गडी, पण बोरं वेचताना मला लाज वाटली नाही. चोरी? ज्याची होती त्याने येऊन घ्यावीत. मी बिया ठेवल्या होत्या.

याच दिवसांत जोडीचं वागणं बदललं. नर फळ तोंडात धरून मादीला द्यायला लागला. दोघं त्या आडव्या ओंडक्याला चोची मारायची. मला लगेच कळलं, म्हणजे मला वाटलं की कळलं. मोठी चोच, फळं खाणं, नराने भरवणं, म्हणजे हा आमच्या माडगरुडाचाच मावसभाऊ. याला ढोली पाहिजे. रस्त्याकडेला खजुरीचा एक माड पडला होता. त्याचं हातभर लांबीचं खोड आणलं, पटाशीने आतून पोखरलं, पाखराच्या अंगाएवढं तोंड ठेवलं, आत मूठभर लाकडाच्या चिपा टाकल्या. तीन दिवसांनी मादी आत गेली. वर आभाळात बॉम्बचे गडगडाट सुरू झाले होते, काचेवर मी चिकटपट्ट्या मारल्या होत्या, आणि ही आत जाऊन बसली. मला इतका आनंद झाला की मी एकटाच मोठ्याने हसलो.

पण दार लिंपेना. एक दिवस, दोन दिवस. मी म्हटलं, बिचारीला माती कुठे मिळणार? कुवेतची माती म्हणजे मिठाळ वाळू. मग मीच कुंड्यांमधली चिकणमाती घेतली, त्यात भुसा कालवला, आणि ती आत असताना तोंड लिंपून टाकलं. दोन बोटांची फट ठेवली. काम सुरेख झालं होतं. आमच्या देवराईतली कुठलीही मादी खूश झाली असती.

आतून खरवडल्याचा आवाज यायला लागला. मी म्हटलं, ओलं लिंपण सारखं करतेय. नर बाहेरून लिंपणावर चोच आपटायला लागला. मी म्हटलं, भरवायचं शिकतोय. त्याला बोरं दिली तर त्याने ती भिरकावून दिली. एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी कुंदा सिस्टर आल्या.

"दादा, एक कुठाय?"

"आत. बसलीय अंड्यांवर. आता तीन महिने बाहेर यायची नाही."

"दार कोणी लावलं?"

"मी. आमच्याकडे असंच असतं."

"तुमच्याकडे असेल. हिला विचारलंत का?"

"पाखराला काय विचारायचं सिस्टर? माझा जन्म गेलाय हे बघण्यात."

त्यांनी फटीला कान लावला. मग माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाल्या, "दादा, पेशंट ओरडायचा थांबला की आम्ही बरं वाटलं असं लिहीत नाही."

मी पटाशी घेतली. लिंपण फोडलं, त्याचं ढेकूळ आत पडलं. मादी बाहेर आली ती उडालीच नाही, घरंगळत खाली आली आणि कोपऱ्यात जाऊन बसली, चोच पाठीवर टाकून, पिसं फुलवून. आत तीन अंडी होती, पांढरी. दोन माझ्या ढेकळाने फुटली होती.

आणि तेव्हा नर आत गेला. सरळ, काही न विचारता. एका अंड्यावर बसला. तासाभराने मादी उठली, पाणी प्याली, बोर खाल्लं, आणि ढोलीपाशी गेली. तो बाहेर आला, ती आत. मग संध्याकाळपर्यंत हेच, तो बाहेर, ती आत, ती बाहेर, तो आत. दार उघडं ते उघडंच. मी फरशीवर बसून राहिलो. कुंदा सिस्टरही बसल्या.

माझी चूक होती. लिहितोय ना, लपवत नाही. पण तेव्हा फरशीवर बसून मला पाखराचा नव्हे, माझ्या घराचा विचार आला. आमच्या गावात आखातात गेलेल्या माणसाचं कौतुक असंच करतात, माडगरुडासारखा राबतो म्हणून. आम्ही छाती फुगवायचो. वर्षातून एकदा ट्रंक घेऊन जायचं, फटीतून भरवायचं, की पुन्हा उडालो. आत बसलेलीला कोणी विचारलं? पुढे मी घरी गेल्यावर बायकोला हे सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्या त्या पाखराला दीड दिवसात सोडवलंत. मी एकोणीस वर्षं बसले." मी सूप माझ्याकडे ओढलं आणि खडे वेचायला बसलो.

अंडं फुटायला पंधरवडा लागला. पिल्लू म्हणजे नुसता लाल मांसाचा गोळा, डोळे मिटलेले, टाचांना गाठी. त्याला नुसती फळं चालत नाहीत, किडामुंगी लागते. मग मी पाली धरायला लागलो. बाहेर एका राज्याचा निकाल लागत होता, आणि मी झाडू घेऊन ओस घरांच्या भिंतींवर पाली शोधत होतो. हसा. मी रोज पाचसहा आणायचा. आईबाप दोघं माझ्या हातातून घ्यायची. ज्या हाताने त्यांचं दार लिंपलं, त्याच हातातून.

मग वीज गेली. इराकी निघून गेले आणि जाताना तेलाच्या विहिरी पेटवून गेले. आपण जिंकलो म्हणून लोक रस्त्यावर नाचत होते, आणि भर दुपारी काळोख. दिवा लावून जेवावं असे दुपारचे बारा. अंगणात काजळी, पानांवर काजळी, पाण्याच्या बादलीवर तवंग. नळाला पाणी नव्हतं. तुकानांचे पिवळे गळे काळे झाले. हीटर बंद. शेगडी पेटवली तर धुराने मरतील. मी खोलीतला सगळा भुसा ढोलीभोवती पोत्यात भरून बांधला, दत्तारामचं घोंगडं काचेला लावलं, दाराच्या फटी ओल्या चिंध्यांनी बुजवल्या. पिण्याचं पाणी मिळायचं त्यातलं निम्मं पाखरांचं. ओला फडका घेऊन एकेकाचं अंग पुसायचा. नर मला चावायचा. चावू दे म्हटलं, जिवंत आहे.

कुंदा सिस्टर एकदा म्हणाल्या, "दादा, एवढं करून वाचलं नाही तर?"

मी म्हटलं, "नाही वाचलं तर नाही वाचलं. पण माझ्या आळसाने मेलं असं कोणाला म्हणता येणार नाही."

चैत्रात एके दिवशी, आभाळ तसंच काळं, आणि ढोलीच्या तोंडाशी एक आखूड, मळकट, बिनरंगाची चोच दिसली. ते बाहेर आलं. ओंडक्यावर उभं राहिलं. पडलं, पुन्हा चढलं. बाप त्याच्या एका बाजूला, आई दुसऱ्या बाजूला. ज्या जंगलात रोज पाऊस पडतो म्हणतात तिथलं ते पोर, आणि जन्मलं कुठे, तर धुराच्या पोटात, खजुराच्या खोडात, एका कोकणी सुताराच्या चुकीतून वाचून. मी त्याला नाव ठेवलं नाही. नाव ठेवायला मी कोण?

अबू नासर वैशाखात आला. एकटाच. फाटकापासून घरापर्यंत यायला त्याला बराच वेळ लागला, कारण तो प्रत्येक मोडलेल्या गोष्टीपाशी थांबत होता. म्हातारा झाला होता. मला पाहून तो ओळखीचं हसला नाही, घाबरला. मी काजळीने तुकानाएवढाच काळा होतो. पाखरांचं त्याने विचारलंच नाही. विचारायचं धैर्य नसावं.

मी त्याला काचेच्या खोलीपाशी नेलं. दार उचलून धरून उघडलं. म्हटलं, "दो छोड़ के गए थे. गिन लो."

त्याने पाहिलं. ओठ हलवत मोजलं, पुन्हा मोजलं. मग डोक्यावरच्या रुमालाने तोंड झाकून तो उभा राहिला. मी दुसरीकडे बघत राहिलो, मालकाला रडताना बघू नये.

रुमाल खाली घेऊन त्याने विचारलं, "नज्जार, सब चला गया. तुम क्यों रहा?"

त्याला वाटलं असेल, मी निमकहलालीचं काहीतरी बोलेन. पाखरांवरच्या मायेचं तरी. मला खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, "सबने बोला जाओ. इसलिए रहा."

तो हसला. मीही हसलो, काजळीतून.

मग आषाढात मी घरी गेलो, हत्यारांची पेटी घेऊन, कायमचा. तेव्हा मला जा असं कोणीही म्हटलं नव्हतं.